नाऱ्याची बाजू

‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!’ ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत हसत वापरत आलो. नाऱ्या म्हणजे अभद्र बोलणारा, काळवेळ न कळणारा खुळा, असा त्या म्हणीचा निकाल. मला मात्र पहिल्यापासून एक शंका आहे. मांडवाला आग खरोखरच लागलेली असली तर? मग त्या अख्ख्या मांडवात शुद्धीवर असलेला माणूस एकच उरतो, आणि तो नाऱ्या. बाकीची मंडळी मुठीतल्या अक्षता सांभाळत बसलेली!

गेली काही वर्षे मी या नाऱ्याचे वकीलपत्र घेतले आहे, आणि त्यापायी एका नोकरीवर पाणीही सोडले आहे. विषय वैमानिकांच्या शिक्षणाचा. विमान चालवायला शिकणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाला ‘यात तू मरू शकतोस’ हे सांगावे की नाही, आणि सांगितले तर किती उघड सांगावे, हा वाद. सणासुदीच्या अंकात, करंज्या-चकल्यांच्या ताटाशेजारी मरणाची भाषा काढतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण हा प्रश्न यंत्राचा कमी आणि शब्दांचा जास्त आहे. शब्दांची पारख असलेल्या वाचकांपुढेच तो मांडावा, असे मला वाटते.

शिवाय आपल्या भागाला हा विषय आता परका राहिलेला नाही. सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाची तिथली शाळा आपण लहानपणापासून पाहत आलो. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक-प्रशिक्षणाच्या नव्या संस्थांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले. त्यांत जळगाव होते, कलबुर्गी होते आणि आपले बेळगावही होते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्याचा खर्च आज अर्ध्या कोटीच्या घरात जातो. खानापूर-चंदगडकडच्या साध्या घरांतून या शिक्षणासाठी जमिनीचे उतारे बँकेत जाताना मी पाहिले आहेत. ज्या शिक्षणासाठी घर गहाण पडते, त्या शिक्षणात काय सांगितले जाते आणि काय गिळले जाते, हे विचारण्याचा हक्क त्या घराला आहे.

मी स्वतः वैमानिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. हवाई दलात वीस वर्षे विमानांच्या सांगाड्यांची देखभाल केली. निवृत्तीनंतर एका खासगी शाळेत हवामानशास्त्र, उड्डाणाची तत्त्वे असे जमिनीवरचे विषय शिकवले. ती शाळा आपल्या जिल्ह्यातली नव्हे, आणि तिचे नाव मी घेणार नाही. कारण दोष एका शाळेचा नाही, एका सवयीचा आहे.

माझी पद्धत साधी होती. दर शनिवारी वर्गात एका अपघाताचा चौकशी-अहवाल वाचायचा. मेलेल्या माणसाला दोष देण्यासाठी नव्हे, तर कोणत्या मिनिटाला दुसरे काय करता आले असते, हे शोधण्यासाठी. ‘दुर्दैवी घटना’ हा गुळगुळीत शब्द मी टाळायचो. ‘माणसे मेली’ असे म्हणायचो. तीन महिने हे चालले. मग खानापूर तालुक्यातला एक मुलगा सुट्टीत घरी गेला, आईजवळ काहीतरी बोलला, आईने जेवण टाकले, वडिलांनी कचेरीत फोन केला आणि व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतले.

‘‘सर, तुमचा अनुभव मोठा आहे. पण ॲडमिशनच्या दिवसांत हे मरणाबिरणाचं कशाला? जरा पॉझिटिव्ह शिकवा ना! पोरं घाबरली तर उडणार कशी?’’

‘‘आणि अजिबात घाबरली नाहीत तर उतरणार कशी?’’ मी म्हणालो.

उत्तर मला शोभले, पण नोकरीला शोभले नाही. अहवालांचे वाचन बंद करावे, असा लेखी आदेश आला. पुढच्या महिन्यात मीच बाहेर पडलो.

व्यवस्थापकांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक वाक्य रंगवलेले होते. ‘विमानतळापर्यंतचा रस्ता हाच हवाई प्रवासातला सर्वांत धोक्याचा भाग.’ हे वाक्य जगभर फिरते आणि सहसा कुणी ते खोडत नाही, कारण ते अर्धे खरे आहे. मोठ्या विमान कंपनीच्या जेटमध्ये बसलेल्या प्रवाशापुरते ते खरेच आहे. तिथे दोन मुरलेले वैमानिक, दोन इंजिने, आणि ज्याच्या त्याच्या डोक्यावर तपासणी करणारा दुसरा. पण एक इंजिन, दोन-चार आसने आणि हातात दांडी धरलेला नवशिका, या विमानाला ते वाक्य लावणे म्हणजे शुद्ध थाप. छोट्या विमानांची मोजदाद अमेरिकेत नीट ठेवली जाते. तिथे अशा उड्डाणांत साधारण एक लाख तासांमागे एक जीवघेणा अपघात होतो. शिकवणीतली उड्डाणे त्याहून सुरक्षित असतात, कारण बहुतेक वेळ शेजारी शिक्षक असतो. तरीही हा हिशेब मोटारसायकलच्या पंक्तीला बसणारा आहे, आगगाडीच्या नव्हे. ‘एक लाख तास’ हा आकडा ऐकायला फार मोठा वाटतो. पण पाचशे मुले प्रत्येकी २०० तास उडाली की लाख तास भरतात. पाचशे मुले म्हणजे माझे पंचवीस वर्ग.

तो फोन करणारे वडील पुढे स्वतः मला भेटायला आले. मी काही न लपवता त्यांना हाच हिशेब सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘सर, आमच्यात जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडत्यात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. तुम्ही तसा कंदील सोडायलाय, असंच न्हवं?’’

इतकी नेमकी व्याख्या मला वीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितली नव्हती. शेतात राबणाऱ्या माणसाला धोका या गोष्टीची ओळख करून द्यावी लागत नाही. साप, वीज, मळणीचे यंत्र, विहिरीतली कोंदट हवा, यांच्याशी त्याचा रोजचा व्यवहार असतो. त्याला धोका चालतो, फसवणूक चालत नाही. तेव्हा ‘पालक घाबरतील’ ही सबब पालकांची नसते. ती फी मोजून घेणाऱ्यांची असते.

इथपर्यंत पुष्कळ जण माझ्याशी सहमत होतील. आता नाऱ्याच्या नावाखाली जे भलतेच लोक माझ्या पंगतीत येऊन बसतात, त्यांचा समाचार घेतो. ‘‘गाढवा, मरशील, आणि मलाही घेऊन मरशील!’’ असे विद्यार्थ्याच्या कानाशी ओरडणारे शिक्षक प्रत्येक शाळेत असतात. त्यांना वाटते की हाच स्पष्टवक्तेपणा. ‘आम्हीही असेच शिकलो’ हे त्यांचे प्रमाणपत्र. आग लागल्याचे ओरडून सांगणे वेगळे, आणि दार कुठल्या बाजूला आहे हे न सांगता नुसतेच ओरडत सुटणे वेगळे. पहिले काम नाऱ्याचे. दुसऱ्याने होते ती चेंगराचेंगरी.

हे मी कुणाला शिकवायला म्हणून सांगत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. बाहेरचे काही दिसत नसताना केवळ यंत्रांकडे पाहून उडण्याचा अनुभव नसलेली वीस माणसे घेतली. विमानात त्यांना बाहेरचे दिसणार नाही अशी सोय केली, शेजारी शिक्षक बसवला आणि घड्याळ लावले. वीसच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला. सर्वांत लवकर सुटला तो २० सेकंदांत, आणि सरासरी १७८ सेकंदांत. ढगात शिरल्यावर शरीरच खोटे बोलू लागते. तोल सांभाळणाऱ्या कानाला सावकाश झालेले वळण कळतच नाही. विमान कलून गिरक्या घेत खाली चाललेले असते आणि माणसाला वाटते, आपण सरळ चाललो आहोत.

हा १७८चा आकडा पुढे जगभरच्या वर्गांत पोचला. ‘तुमच्याकडे जगायला १७८ सेकंद आहेत’ अशा मथळ्याने तो छापला गेला. मीही तो दर वर्षी सांगत असे, आणि मुलांचे चेहरे पांढरे पडलेले पाहून धडा पोचला असे समजत असे. एकदा त्या प्रयोगाची पूर्ण हकीकत वाचली आणि माझी मलाच लाज वाटली. संशोधकांचा हेतू भीती घालण्याचा नव्हताच. त्यांनी त्याच वीस जणांना, ढगात सापडल्यावर सावकाश अर्धे वर्तुळ वळून आल्या वाटेने बाहेर कसे यायचे, याची एक साधी क्रमवार रीत शिकवली आणि पुन्हा परीक्षा घेतली. साठ प्रयत्नांपैकी ५९ यशस्वी झाले! जगाने १७८ लक्षात ठेवले आणि ५९ विसरले. मीही विसरलो होतो. धोका सांगणे म्हणजे हे दोन्ही आकडे एका दमात सांगणे. पहिला लपवतो तो लबाड, दुसरा गाळतो तो निर्दय, आणि दोघांचेही विद्यार्थी सारखेच अडाणी राहतात.

नुसत्या भीतीने माणूस हलत नाही, हे विमानाबाहेरही दिसून आलेले आहे. १९६५ साली येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घ्यावी म्हणून माहिती दिली. काहींना रोगाची भयंकर चित्रे दाखवली, काहींना सौम्य. चित्रे पाहून मुले हादरली, लस घेतली पाहिजे असेही म्हणाली. पण प्रत्यक्षात गेली ती जेमतेम ३ टक्के. ज्यांच्या हातात दवाखान्याचा नकाशा दिला आणि कधी जाणार ते ठरवायला लावले, त्यांच्यातली २८ टक्के गेली. नकाशा म्हणजेच मांडवाचे दार.

मग विमानात हा नकाशा कसा द्यायचा? एकच उदाहरण घेतो. विमान नुकतेच जमीन सोडून चारशे फुटांवर गेले आहे आणि इंजिन बंद पडले. धावपट्टी पाठीमागे आहे. मन ओरडते, ‘मागे फिर!’ या वळणात कसलेली माणसेही मेली आहेत. कारण असे. पंखांवरून हवा ठरावीक वेगाने वाहिली तरच ती विमानाला उचलून धरते. त्याखाली वेग गेला की विमान ‘स्टॉल’ होते, म्हणजे पंख काम सोडतात. सरळ उडताना ही मर्यादा ५० नॉट धरली, तर ४५ अंश कलून, उंची न सोडता वळताना ती ६०च्या आसपास जाते आणि ६० अंश कलले की ७०च्या. म्हणजे घाबरून जितके जास्त कलवाल, तितका जास्त वेग लागणार. आणि इंजिन तर बंद! जमीन वर येताना पाहून हात आपोआप नाक वर ओढतो, एक पंख आधी काम सोडतो आणि विमान भोवऱ्यासारखे फिरत खाली येते. चारशे फुटांवरून सावरायला उंची उरत नाही.

आता हे तीन जण कसे सांगतात ते पाहा. पॉझिटिव्ह शिक्षक म्हणतो, ‘‘इंजिन सहसा बंद पडत नाही, काळजी करू नका.’’ ओरडणारा म्हणतो, ‘‘मागे वळलास की मेलास!’’ आणि खरा शिक्षक म्हणतो, ‘‘मागे वळून माणसे मेली. ती अशी मेली. म्हणून विमान धावू लागण्यापूर्वीच तू मोठ्याने म्हणायचेस, की अमुक उंचीच्या खाली इंजिन गेले तर नाक खाली, समोरचे मोकळे शेत, विमान मोडले तरी चालेल.’’ हे शेवटचे चार शब्द, ‘विमान मोडले तरी चालेल’, ज्या शाळेचा मालक स्वतःच्या तोंडाने म्हणतो, ती शाळा चांगली समजावी. असा मालक मला अजून भेटायचा आहे.

शब्द वेळेवर आणि नेमका न उच्चारल्याने काय होते, त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. ८ मार्च १९९४ रोजी दिल्लीच्या विमानतळावर एका खासगी कंपनीचे बोईंग ७३७ प्रशिक्षणाच्या फेऱ्या मारत होते. आत एक शिक्षक आणि तीन शिकाऊ वैमानिक. एक इंजिन बंद पडल्याचा सराव चालू असताना शिकाऊ वैमानिकाने चुकीच्या बाजूचा रडर दाबला. विमान कोसळून तळावर उभ्या असलेल्या एका रशियन विमानावर गेले. आतले चौघे आणि जमिनीवरचे पाच, असे ९ जण मेले. चौकशीने चूक करणाऱ्या विद्यार्थ्यावर विषय संपवला नाही. शिक्षकाने रडरवर स्वतःचे पाय राखले नाहीत आणि स्पष्ट आज्ञा दिल्या नाहीत, असेही निष्कर्षात म्हटले. स्पष्ट आज्ञा! शिव्या नव्हेत, धीर देणेही नव्हे.

स्पष्ट बोलणे केवळ वरून खाली येऊन भागत नाही, ते खालून वरही गेले पाहिजे. या बाबतीत आपला समाज फार मागे आहे. मोठ्यांना उलट बोलू नये, गुरूची चूक काढू नये, हे आपण घोटून घेतलेले. २२ मे २०१० रोजी आपल्याच राज्यात, मंगळुरात, दुबईहून आलेले विमान टेबलासारख्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे दरीत गेले आणि १६६ पैकी १५८ माणसे मेली. विमान फार उंचावरून आणि फार वेगात उतरत होते. सहवैमानिकाने ‘पुन्हा वर चला’ असे तीनदा सुचवले. कप्तानांनी ऐकले नाही, आणि सहवैमानिकाने ताबा घेतला नाही.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, भर पावसात कोळिकोडला तशाच धावपट्टीवर तसेच घडले. २१ जण मेले, दोन्ही वैमानिकांसह. कप्तान आपले मराठी, नागपूरचे, हवाई दलात गौरव पावलेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी इंधन संपवून प्रवाशांना कसे वाचवले, याच्या कथा आपल्या मोबाइलवरून फिरू लागल्या. माणसाविषयीचा आदर खरा होता, त्याला माझा नमस्कार आहे. पण २०२१ साली अधिकृत अहवाल आला. विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले, सहवैमानिकाने ‘पुन्हा वर चला’ म्हटले तरी उतरणे थांबवले नाही आणि सहवैमानिकाने ताबा घेतला नाही, असे त्यात लिहिले आहे. तो अहवाल किती जणांनी पुढे पाठवला? आपण हार घालतो आणि पान मिटतो. मंगळूरचे पान मिटले, म्हणून कोळिकोडला तेच वाक्य पुन्हा लिहावे लागले, असे मी म्हटले तर कुणाला राग येईल. येऊ दे. मेलेल्या माणसाचा मोठा सन्मान कोणता? त्याची चूक झाकणे, की त्याच्या चुकीतून दुसऱ्या कुणाचे मूल वाचवणे?

याच न्यायाने, विद्यार्थ्याला ‘तू मरशील’ म्हणणाऱ्या व्यवस्थेने ‘आमच्यामुळे मरशील’ हेही म्हणायची हिंमत दाखवली पाहिजे. हवाई दलाच्या नवशिक्या वैमानिकांना लढाऊ जेटवर चढण्याआधी मधली पायरी म्हणून एक प्रगत प्रशिक्षण-जेट द्यावे, अशी शिफारस १९८२ साली ला फाँतेन समितीने केली. ते ‘हॉक’ विमान सेवेत आले २००८ साली. मधली सव्वीस वर्षे मुले हळू चालणाऱ्या विमानांवरून सरळ मिग-२१वर चढत राहिली. १७ सप्टेंबर २००१च्या रात्री सूरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ उड्डाणानंतर लगेच कोसळले. ठपका मृत मुलावर ठेवणे सर्वांत सोपे असते. त्याची आई कविता गाडगीळ यांनी ते मानले नाही. विमानाबद्दल, प्रशिक्षणाबद्दल त्यांनी चारचौघांत प्रश्न विचारले. मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. त्या आईला तेव्हा किती जणांनी ‘शुभ बोला’ म्हणून गप्प बसवू पाहिले असेल, याची मला कल्पना करता येते.

छोट्या शाळांत हीच गोष्ट छोट्या रूपात घडते. चाकाचा ब्रेक एका बाजूला ओढतो आहे, असे विद्यार्थी सांगतो. ‘‘तोंडी सांगितलंस ना? मग झालं. वहीत लिहू नकोस, विमान उभं राहील.’’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे. अशा ठिकाणी भिंतीवर कितीही सुरक्षेची वाक्ये रंगवा, मूल खरा धडा त्या एका वाक्यातून घेते. धोका बोलायचा नसतो, हाच तो धडा.

माझ्यावर आक्षेप घेतले जातात, त्यांतला एक मला मान्य आहे. सांगण्याला वेळ असते. मुलगा पहिल्यांदा एकटा विमान घेऊन निघाला आहे, त्या क्षणी खिडकीशी जाऊन त्याला अपघाताची कथा सांगणारा शिक्षक मूर्ख आहे. ती कथा तीन आठवडे आधी, जमिनीवर, फळ्यापाशी, प्रश्न विचारायला सवड असताना सांगायची. त्या दिवशी फक्त तिचे सार त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे. दुसरा आक्षेप असा, की खरे सांगितले तर काही मुले सोडून जातील. जाऊ द्यावीत. विहिरीवर कंदील विझलेला पाहून जो घरी गेला तो भित्रा नव्हे. आणि तिसरा, सर्वांत मोठ्याने घेतला जाणारा आक्षेप, की भ्यालेला वैमानिक कचरतो. खोटे आहे. ज्याला काय करायचे ते माहीत नसते, तो कचरतो. ज्याला ठाऊक असते, तो भिऊनसुद्धा हात चालवतो.

खानापूरच्या त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगून आवरते घेतो. तो शाळा सोडून गेला नाही. वर्षभराने तो एकटाच लांबच्या उड्डाणावर होता. वाटेत ढग खाली उतरू लागले. ठरल्या ठिकाणी पोचायला वीस मिनिटे राहिली होती. त्याने घड्याळ लावले, सेकंदाला तीन अंश या बेताने साठ सेकंदांत उलटा वळला आणि परत आला. बक्षीस काय मिळाले? इंधन फुकट घालवले म्हणून सर्वांसमोर बोलणी. रात्री मला त्याचा फोन आला.

‘‘सर, आज माझी लई चेष्टा झाली. बाकीचे म्हणालेत, ढग फुटला असता.’’

‘‘फुटला असताही.’’ मी म्हणालो, ‘‘पण तू आत्ता बोलायलायस ना? बास.’’

तेव्हा ज्यांच्या घरी असे स्वप्न आहे, त्या आईबापांना माझे एवढेच सांगणे. शाळेत नाव घालण्याआधी चकचकीत कचेरी पाहू नका. तीन प्रश्न विचारा. तुमच्याकडे आजवर कोणते अपघात झाले आणि त्यांतून तुम्ही काय बदलले? हवा पाहून माझ्या मुलाने उडायला नकार दिला, तर त्याचे काय होईल? बिघाडाच्या नोंदवहीत विद्यार्थ्याला स्वतः लिहिता येते का? उत्तर देताना समोरचा माणूस हसून ‘अहो, शुभ बोला’ म्हणाला, तर पैसे खिशात ठेवून सरळ उठा.

आणि तुमच्या मुलाच्या वर्गात एखादा नाऱ्या शिकवायला असेल, तर कचेरीत फोन करण्याआधी एकदा त्यालाच भेटा. तो मांडवाचे दारही दाखवतो की नाही, तेवढे विचारा. दाखवत असेल, तर त्याची नोकरी टिकेल असे बघा.